हे जेवणात धरत नाहीत

शशिकांत उगले दिवसातून दोनदाच जेवायचा आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलायचा. नाशिकच्या गोविंदराव सरांची 'दोन ताट चळवळ' त्यानं दोह्यात आणली होती. दोनदा जेवा, मध्ये पाणी प्या, बाकी वेळ तोंड बंद. यातलं तोंड बंद ठेवणं सोडून बाकी सगळं त्याला जमत होतं. तिथल्या मराठी मंडळातली माणसं तो पार्किंगमध्ये दिसला की परत गाडीत जाऊन बसायची.

आता चळवळीचा आखात विभागप्रमुख नेमायचा होता. मस्कतचे एक दातांचे डॉक्टर रांगेत पुढे होते, आणि त्या विचारानं शशिकांतची झोप उडाली होती. गोविंदरावांनी अट घातली, "आपली माणसं कोणीही गोळा करतं हो. एक परदेशी शिष्य दाखवा. शुक्रवारी, लाइव्ह."

शशिकांतच्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात आजूबाजूला सगळे फिलिपिनो. त्यानं कामाला सुरुवात केली आणि नाशिकला व्हॉइस नोट धाडली.

"सर, अवघड मुलूख आहे. हे लोक भेटल्यावर 'कसा आहेस' विचारत नाहीत, 'जेवलास का' विचारतात. सकाळी दहाला खातात, दुपारी चारला खातात. खाताना समोरून कोणी गेलं की 'काइन तायो' म्हणतात, म्हणजे 'चला, जेवू या'. मी प्रिंटरपर्यंत जाऊन येतो तेवढ्यात तीन घरची आमंत्रणं! आणि दिशा दाखवायला बोट नाही वापरत, ओठ पुढे काढतात. पहिल्या दिवशी माझा जरा गैरसमज झाला होता. आमच्या हिला, शैलजाला, कळू देऊ नका. पोटात नुसती आग पडते, सर."

उत्तर आलं, "आगीतूनच प्रचारक तयार होतो. पाणी प्या."

तो पाणी प्यायचा. पाणी प्यायला उठायचा, मग पाण्यामुळे उठायचा. खुर्चीत असला की दहा वाजल्यापासून त्याचा डावा पाय टेबलाखाली शिलाई मशीन चालवल्यासारखा हलायचा आणि शेजारच्या रोवेनाचा मॉनिटर थरथरायचा.

रोवेना डॉक्युमेंट कंट्रोलर. हसरी, गोल चेहऱ्याची, कोणालाही नाही न म्हणणारी. शशिकांतनं तिलाच गाठलं.

"रोवेना, ओन्ली टू मील्स अ डे. कॅन यू?"

तिनं दोन्ही भुवया वर उडवल्या. बाईला धक्का बसला असं समजून त्यानं इन्सुलिन समजावलं. पुन्हा भुवया. त्यानं स्वादुपिंडाचं चित्र काढलं. पुन्हा भुवया. शेवटी अकाउंट्समधला कासम वैतागून म्हणाला, "अरे भाई, इनका भौं ऊपर मतलब हां! वो कब से हां बोल रही है. खलास करो!"

तेव्हापासून रोज घरी जाताना रोवेना दोन बोटं दाखवायची. "टू, सर!" शशिकांत खूश. दिवसभर तिच्या टेबलावर काय असतं हे त्यानं कधी पाहिलं नाही. तिकडे नजर गेली तर आपणच घसरू, अशी त्याला धास्ती होती.

शुक्रवार उजाडला आणि नेमकी एकादशी. अल गराफा भागातल्या घरात शैलजानं साबुदाण्याची खिचडी केली होती. रोवेना आली ती गरम डबा घेऊनच. त्यांच्यात कोणाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. लाइव्ह सुरू झालं तेव्हा शशिकांतची खिचडीची दुसरी वाटी चालू होती.

"अहो, ती वाटी खाली ठेवा," शैलजा कुजबुजली.

"अगं, उपवासाची आहे."

स्क्रीनवर गोविंदराव, मस्कतचे डॉक्टर आणि बाकी चळवळ.

"रोवेनाजी," गोविंदराव म्हणाले, "हाऊ मेनी मील्स?"

"टू, सर! राइस लंच, राइस डिनर."

"वा! अँड इन बिट्वीन?"

"इन बिट्वीन नथिंग, सर. ब्रेड ओन्ली. स्पगेटी. नूडल्स. दिस बनाना फ्राय."

तिनं डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. साखरेत तळलेल्या केळ्याच्या गुंडाळ्या चकाकल्या. मस्कतचे डॉक्टर गालात हसले. शशिकांतचा पाय सुरू झाला, टीपॉय हलायला लागला, चळवळ अख्खी स्क्रीनवर वरखाली व्हायला लागली.

"रोवेना! दॅट इज मील!"

"नो, सर. नो राइस, नो मील. दिस इज मेरिएन्दा."

"बट इट इज फूड!"

"फूड, येस. मील, नो." मग तिनं ओठ पुढे काढून त्याच्या वाटीकडे रोखले. "सर, दॅट वन? सेकंड बाऊल ऑलरेडी."

"धिस? नो, नो. टुडे आय ॲम फास्टिंग."

"फास्टिंग?" रोवेना वाटीकडे बघत राहिली.

"साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा इज अलाउड. इट डझंट काउंट. इट इज... फराळ."

"आऽऽह!" रोवेनाचा चेहरा उजळला. "इंडियन मेरिएन्दा!"

"बाबा, शी हॅज अ पॉइंट," गार्गी सोफ्यावरून म्हणाली. गार्गी म्हणजे शशिकांतची दहा वर्षांची लेक.

"तू गप गं!"

तेवढ्यात नाशिकहून बाईचा आवाज आला, "अहो, आमटी गार होतेय! वऱ्याचे तांदूळ तिथंच आणू का?" आणि गोविंदरावांच्या कानामागून एक बांगड्यांचा हात पांढऱ्याशुभ्र, वाफाळत्या ढिगाचं ताट घेऊन स्क्रीनमध्ये शिरला.

"सर!" रोवेना ओरडली. "राइस!"

"नो, नो! ओन्ली नेम इज राइस!"

"लुक्स राइस, सर."

"उपवासाला चालतो!" गोविंदरावही मराठीत ओरडले.

डॉक्टरांचं हसू कुठच्या कुठे गेलं. ते चाचरत म्हणाले, "सर, मग सकाळचा राजगिऱ्याचा लाडू धरायचा का?" चॅटमध्ये धडाधड प्रश्न पडायला लागले. रताळं धरायचं का? बटाट्याचा चिवडा? मागच्या चतुर्थीचं काय? सगळी चळवळ एकादशीच्या ताटावर उताणी पडलेली गोविंदरावांना समोर दिसत होती.

"विभागप्रमुख शशिकांत उगले!" ते घाईघाईनं म्हणाले. "परदेशी शिष्य आणला, अट पूर्ण! अभिनंदन! नेटवर्क जातंय." नेटवर्क काही जात नव्हतं. अंगठा स्क्रीनकडे येताना सगळ्यांनी पाहिला.

"झालात एकदाचे," शैलजा म्हणाली. "आता तरी पाय थांबवा."

पण पाय थांबला नाही. विभागप्रमुखाला तर आता चुकून चणाही तोंडात टाकायची सोय नव्हती. रविवारी तिकडचा आठवडा सुरू झाला आणि दहा वाजता रोवेनाचा मॉनिटर नेहमीसारखा थरथरायला लागला. तिनं डबा उघडला, केळ्याचा वास पसरला.

"काइन तायो, सर."

शशिकांतनं कासमकडे पाहिलं. कासमनं छताकडे पाहिलं.

"धिस... नो राइस?"

भुवया वर.

शशिकांत फोन घेऊन कोपऱ्यात गेला आणि हळूच नाशिकला व्हॉइस नोट धाडली. "सर, एक तांत्रिक शंका. तळलेलं केळं. भाताचं शीतसुद्धा नाही. आज एकादशीही नाही. धरायचं का?"

उत्तर लगेच आलं. गोविंदरावांच्या तोंडात काहीतरी होतं. "नका धरू," ते म्हणाले. "पण ते काय म्हणाली ती बाई? मेरिएन्दा ना? जरा स्पेलिंग पाठवा."

शशिकांतनं खुर्ची रोवेनाच्या टेबलाकडे ओढली. "यल्ला, चला," तो म्हणाला, आणि मॉनिटर थरथरायचा थांबला.