राक्षस ठरलेला खांब

मी एक जुना सागवानी खांब आहे. मित्रांनो, आज मी अमरापुरात एका विणकरणीच्या घराचा आग्नेय कोपरा सांभाळतो. पण माझा जन्म अशा साध्या कामासाठी झाला नव्हता. मी राजवाड्याचा खांब आहे, आणि हे मी मान ताठ ठेवून सांगतो.

डोंगरातून मला हत्तींनी ओढत आणलं आणि इरावतीच्या पाण्यावरून मी आवा राजधानीत पोचलो. तिथे मला मागच्या दालनात उभं केलं. सिंहासन मला कधी दिसलं नाही, पण त्या छपराचा भार मीही पेलला आहे. पुढे मोठा भूकंप झाला, आवा कोलमडली आणि राजानं गादी अमरापुराला हलवली. आमच्याकडे राजा निघाला की राजवाडाही निघतो. खांब उपटायचे, हत्तीवर आणि गाड्यांवर लादायचे, नव्या जागी पुन्हा रोवायचे. त्या प्रवासात दोरखंडानं माझ्या कमरेला खोल चर पडला. कारागिरांनी तो झाडाच्या काळ्या चिकानं भरला, त्यावर थरावर थर दिले आणि वर सोन्याचा वर्ख चढवला. मी झळाळून उठलो. कमरेला थोडा फुगलो, पण सोन्यापुढे ते कोण बघतो?

काही वर्षांनी नव्या राजाच्या मनात मंडाले भरलं. हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. पुन्हा वाडा उतरवायला घेतला. सुतारांचा मुख्य ऊ टेट. त्याला सगळे मानानं सया, म्हणजे गुरुजी, म्हणत. तो प्रत्येक खांबाला वर, मधे आणि खाली दोरी गुंडाळून बघे. मधे फुगलेला खांब म्हणजे राक्षस खांब, तो घरातली माणसं खातो, असं आमच्या देशात पक्कं मानतात. माझ्या टोकांना मापलेली दोरी कमरेला पुरली नाही.

"राक्षस आहे हा. टाका बाजूला," तो म्हणाला, आणि पुढच्या खांबाकडे वळला.

माझे सोबती हत्तीवर चढून गेले. मी उन्हात पडून राहिलो. फार अपमान वाटला.

तेव्हा दॉ ख्यो नावाची विधवा विणकरीण आली. सारी पेठ मंडालेला निघाली होती, पण तिला आपला माग सोडायचा नव्हता. घराचा कोपऱ्यातला खांब मात्र वाळवीनं खाल्ला होता. तिनं मला मागितलं.

"अगं, राक्षस घरात घेतेस?" शेजारीण म्हणाली. "उद्या तुझ्या घरचा चहासुद्धा कुणी पिणार नाही."

"मग माझा चहा वाचेल," दॉ ख्यो म्हणाली.

ऊ टेटनं एकच अट घातली. प्रजेच्या घरात सोनं चालत नसे, म्हणून वर्ख खरवडून त्याच्या हाती द्यायचा. दॉ ख्यो सुरी घेऊन बसली. सोनं निघालं, वर चढलेले काळे थर निघाले, चरात भरलेला चीक तेवढा राहिला, आणि खाली मी निघालो. खालपासून वरपर्यंत एकसारखा! अशा खांबाला आम्ही पुरुष खांब म्हणतो. तो सर्वांत शुभ.

वर्ख न्यायला आलेला ऊ टेट बघतच राहिला. त्यानं दोरी पुन्हा गुंडाळली. आता वर, मधे आणि खाली माप सारखंच भरलं.

"ख्यो, हा वाड्याचा आहे. मंडालेला न्यावा लागेल," तो म्हणाला.

माझं मन हरखलं. पण दॉ ख्योनं सुरी शांतपणे पुसली.

"न्या की, सया. मी कोण अडवणार? फक्त दरबारात कुणी विचारलं, की कालचा राक्षस आज शुभ कसा झाला, दोरी कुणी धरली होती, तर काय सांगायचं ते ठरवून ठेवा."

ऊ टेटनं दोरी गुंडाळून कमरेला खोचली आणि मला तिथेच सोडून तो निघून गेला. मी त्या दिवशी मनातून चिडलो होतो, हे कबूल करतो. दॉ ख्योनं मला आग्नेयेला उभं केलं आणि घराच्या राखणदार देवासाठी लाल फडक्यातला नारळ माझ्यावर टांगला. पहिला चहा तीच शेजारीण प्यायली.

पुढे दुसऱ्या महायुद्धात मंडालेचा राजवाडा पेटला. उत्तरेचं आभाळ मी इथून काळं झालेलं पाहिलं. त्या वाड्यात राहिलेले माझे सोबती त्या आगीत गेले. मी मात्र उभा आहे.

आता या घरात दॉ ख्योच्या वंशातली मा ट्वे विणते. परवा तिचा नवरा म्हणाला, "याला सोनेरी रंग मारू या. पाहुणे फोटो काढतील."

मा ट्वेनं धोटा थांबवला नाही. "सोन्यानंच एकदा त्याला राक्षस केलं होतं. तू आधी छपराची गळती बघ."

मित्रांनो, माझंही मागणं तेवढंच आहे. रंग नको, वर्ख नको. पायाशी पाणी साचू देऊ नका आणि वाळवी लागली तर वेळेवर बघा. चार राजे मला वाड्याचा खांब म्हणत होते. मा ट्वेची लेक मला पाठ टेकून अभ्यास करते आणि "आमचा खांब" म्हणते. राजवाडा माझ्यावाचून उभा राहिला होता. हे घर नाही राहणार.