कोऱ्या फॉर्मांवरचा शिक्का

साहेब, हुकूम तुमचा होता, तोंड मात्र माझं काळं झालं. तुम्हाला रकाना भरलेला हवा होता. त्यात खरं लिहिलंय की खोटं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना रबरी शिक्का आहे. एका मोठ्या दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत माझी हयात गेली. माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत : 'लागू नाही'.

माणूस दगावलं की डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म भरतात. त्यात एक प्रश्न असतो : मृत स्त्री गरोदर होती का, नुकतीच बाळंत झाली होती का? पुरुष गेला किंवा सत्तरीची आजी गेली, तर तिथं मला उमटवायचं. त्यासाठीच मला घडवलं. काम सरळ होतं.

मग साहेबांचा कागद आला : रकाना रिकामा दिसला तर फॉर्म परत. गठ्ठेच्या गठ्ठे परत येऊ लागले. खिडकीवरच्या कारकूनदादांनी तोड काढली. सकाळचा चहा यायच्या आत ते पन्नास कोऱ्या फॉर्मांवर मला ठपाठप मारून मोकळे व्हायचे. कोण मरणार याचा पत्ता नाही, उत्तर मात्र तयार! बाळंतीण गेलीच, तर डॉक्टरांनी खोडून लिहावं असं ठरलं होतं. कुणी खोडलं नाही. साहेबांनी दादांची पाठ थोपटली, "वा! शंभर टक्के भरलेले फॉर्म!" मीही फुगलो. ती शाबासकी आठवली की आज लाज वाटते.

गेल्या महिन्यात एक ताई खिडकीशी आली. कुशीत तान्हं पोर. शिवणकाम करणारी तिची धाकटी बहीण आमच्या दवाखान्यात वारली होती. तिनं त्या फॉर्मची प्रत आत सरकवली.

"दादा, इथं 'लागू नाही' कसं?"

"तो शिक्का सगळ्यांनाच असतो, ताई."

"सगळ्यांना? अठरा दिवसांची बाळंतीण होती ती. मग हे पोर काय मी बाजारातून आणलं?"

दादा गडबडले. "अहो, मरण तर लिहिलंय ना. काय फरक पडतो?"

"बाळंतीण दगावली तर चौकशी होते. पाय सुजला, दम लागतोय म्हणून दोनदा आली होती इथं. 'बाळंतपणानंतर व्हायचंच' म्हणून दोनदा घरी धाडली. तिसऱ्यांदा आली ती गेलीच. कुणी विचारणार की नाही?"

दादांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मी सही केली तेव्हा शिक्का आधीच होता."

दादा पुटपुटले, "मी मारला तेव्हा ती बाई जिवंत होती."

मित्रांनो, दोघंही खरंच बोलत होते. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

त्या दुपारी दादा जेवले नाहीत. त्यांनी प्रसूती विभागाची वही मागवली आणि वर्षभराचे फॉर्म तिच्याशी ताडून पाहिले. आणखी सहा बाया निघाल्या. त्यातल्या दोघींचे पायही असेच सुजले होते. पहिलीची चौकशी झाली असती, तर पुढच्या कदाचित वाचल्या असत्या. पहिलीच्या फॉर्मावर मीच होतो. मी रबराचा, मला काय कळतं, असं म्हणून सुटायला बघतो, पण सुटका होत नाही.

दादांनी सातही फॉर्मांच्या दुरुस्तीचा अर्ज लिहिला. स्वतःची चूक स्वतःच्या हातानं लिहून खाली सही केली. मला कुलुपात टाकलं. बरं केलं.

मित्रांनो, मोठे झालात की असला फॉर्म तुमच्याही हातात येईल. आधी विचारा, मग लिहा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहा. त्यात कमीपणा नाही.

साहेब, तो अर्ज तुमच्या टेबलावर पडून पंचवीस दिवस झाले. ताई दर सोमवारी पोर घेऊन येते, बाकावर बसते, खिडकी बंद झाली की उठते. तिची बहीण बाळंतीण होती, हे तुम्ही कागदावर लिहिणार आहात का? चौकशी कोणत्या तारखेला लावता? बोला साहेब.