अडलेली मादी

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी योगिनीला कळलं, की सिंगापुरातल्या बेडोकच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती आणि परेश दोघंच राहत नाहीत.

परेश टँकरवर सेकंड इंजिनिअर होता. पाच वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेच्या फेरीत लोमेच्या बाजारातून त्याने बोटाएवढी जाड दोन अजगराची पिल्लं घेतली होती आणि गमबुटात लपवून सिंगापूरपर्यंत आणली होती. आता ती मनगटाहून जाड झाली होती. आतल्या खोलीत, झाकणाला भोकं पाडलेल्या दोन मोठ्या प्लास्टिकच्या पेट्यांत ती राहायची. एक नर, एक मादी.

"विष नसतं गं यांना," परेश हसत म्हणाला. "घाबरले की गोळा होऊन बसतात. तुझ्यापेक्षा भित्री आहेत."

"मग खोलीला कुलूप कशाला?"

तेव्हा त्याचं हसू ओसरलं. "इथे कायद्याने पाळता येत नाहीत. कोणी पाहिलं तर माझा इथला कामाचा पास रद्द होईल. तुझा डिपेंडंट पास माझ्यावरच आहे. म्हणजे दोघंही बाहेर."

त्या दिवसापासून योगिनीला दोन भीती लागल्या. एक त्या खोलीची आणि दुसरी दाराच्या बेलची. हळूहळू दुसरी पहिलीपेक्षा मोठी झाली.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत परेश जहाजावर निघाला, तेव्हा त्याने तिच्या हातात एक दोनशे पानी वही ठेवली. पाच वर्षांची सगळी नोंद तिच्यात होती: वजनं, कात टाकल्याच्या तारखा, खाल्लेले उंदीर. शेवटच्या पानांवर नोव्हेंबर-डिसेंबरच्या तारखा होत्या. त्या त्या दिवशी त्याने नराला मादीच्या पेटीत सोडलं होतं.

"आता नीट ऐक. फेब्रुवारीत कधीतरी ती मधोमध फुगेल. काहीतरी मोठं गिळल्यासारखी दिसेल. एखादाच दिवस. ती तारीख लिही. मग साधारण वीस दिवसांनी कात टाकेल. तीही तारीख लिही. कात टाकल्यापासून तीस दिवसांनी अंडी. बस. या दिवसांत दोघंही खात नाहीत, त्यामुळे उंदराची भानगड नाही. नुसतं पाणी बदलायचं."

"आणि अंडी आल्यावर?"

"ती स्वतःच वेटोळं घालून उबवेल. तू फक्त एक कर, अंडं उलटं होऊ द्यायचं नाही. जूनमध्ये मी येतोच."

"आणि काही चुकलं तर?"

"काय चुकणार?" तो म्हणाला. मादीची ही पहिलीच वेळ होती आणि त्याचीही, हे योगिनीने वही वाचली तेव्हा तिच्या लक्षात आलं. तोवर तो गेला होता.

रोज सकाळी अकरा वाजता, कॉरिडॉरमधली वर्दळ थांबली की ती कुलूप उघडायची. परेशचे जाड बूट घालून, हातात झाडू घेऊन. पाण्याची वाटी ओढून बाहेर काढायची, भरून परत ढकलायची आणि भिंतीला पाठ लावून मादीकडे बघत उभी राहायची. नऊ फेब्रुवारीला ती खरंच मधोमध फुगली. योगिनीने तारीख लिहिली.

त्यानंतर एकदा मादी पोट वर करून पडलेली दिसली. पांढरं पोट, डोकं कडेला. मेली असंच योगिनीला वाटलं. झाडूच्या दांड्याने तिने पेटीला टकटक केलं, तर जीभ बाहेर आली आणि आत गेली. वहीत चाळल्यावर परेशने कुठूनतरी उतरवलेली ओळ सापडली, की गाभण मादी अशी उलटी निजते. तिने तेही लिहिलं. भीती गेली नाही, पण आपल्याला कळतंय एवढा तरी आधार वाटला.

एक मार्चला कात पडली. योगिनीने कॅलेंडरवर तीस दिवस मोजले. एकतीस मार्च.

बाविसाव्या दिवशी बेल वाजली. डासांची तपासणी करणारे दोघे जण, गळ्यात ओळखपत्रं, हातात बॅटरी. त्यांनी मोरी पाहिली, कुंड्या पाहिल्या, बादल्या पाहिल्या. मग एकाने आतल्या खोलीच्या मुठीवर हात ठेवला.

"हे काय?"

"स्टोअर रूम. किल्ली नवऱ्याकडे आहे. तो जहाजावर."

किल्ली तिच्या मुठीत होती. दात तळव्यात रुतत होते. त्याने एक क्षण तिच्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी उघडी ठेवा, मॅडम." दार लागल्यावर ती तिथेच फरशीवर बसली.

एकतीस तारीख कोरडी गेली. एक एप्रिलही. दोन तारखेला सकाळी दार उघडलं तर मादीच्या वेटोळ्यात दोन अंडी होती. लांबट, पांढरी, एकमेकांना चिकटलेली. योगिनीला नकळत हसू आलं. तिने पेन्सिलीने दोन्हींच्या वरच्या बाजूला खूण करायचं ठरवलं. मादीने डोकं हलवताच पाच वेळा हात मागे घेतला, सहाव्यांदा खूण केली.

दुपारी पाहिलं तरी दोनच. मादीच्या मागच्या अर्ध्या अंगात फुगवटे स्पष्ट दिसत होते, एकामागे एक. तीन असावेत. तिच्या अंगातून लाट जायची, शेपटीजवळ येऊन थांबायची आणि मग ती निपचित पडायची. दुसऱ्या दिवशी ती अंडी सोडून पेटीच्या कोपऱ्यात गेली होती. लाटा क्षीण झाल्या होत्या. वहीत याच्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

परेशशी बोलायचा एकच मार्ग होता: पाया लेबारचं कंपनीचं ऑफिस. तिथून जहाजावर टेलेक्स जायचा. प्रबोध नाईक हा रत्नागिरीचा माणूस ते काम बघायचा. तो मजकूर वाचणार, हे तर उघडच होतं. योगिनीने दहा वेळा जुळवून मग फोन लावला.

"प्रबोधभाऊ, परेशना निरोप द्यायचाय. लिहा: पाहुणी अडली आहे. दोन झाली, तीन आत. काय करू?"

"वहिनी, पाहुणी म्हणजे कोण?"

"माझी मावसबहीण."

"अडली म्हणजे... बाळंतपणात? आणि दोन झाली, तीन आत? अहो वहिनी, पाच? मग परेश सरांना काय विचारताय! आधी हॉस्पिटलात न्या!"

"तुम्ही फक्त निरोप पाठवा हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

उत्तर शुक्रवारी दुपारी आलं. प्रबोधने ते वाचून दाखवलं, पण त्याचा आवाज बदलला होता. "'थांब. हात लावू नकोस. कोणालाही सांगू नकोस. आपोआप होईल, नाही झालं तर नाइलाज.' वहिनी, सरांनी असं कसं लिहिलं? माणूस आहे ना ती?"

योगिनीने फोन ठेवला.

नाइलाज म्हणजे काय, ते तिला समजलं. मेलेली मादी काळ्या पिशवीत बांधून स्वयंपाकघरातल्या शूटमध्ये, कचरा थेट तळमजल्यावर सोडणाऱ्या नळीत, टाकायची. तेवढं केलं की कोणाला कधीच काही कळणार नव्हतं. पास राहिला असता, फ्लॅट राहिला असता. आणि दवाखान्यात नेलं तर? पोलीस, चौकशी, पेपरात नाव, सांगलीला आईबाबांच्या कानावर. ती उठून आतल्या खोलीत गेली. मादीच्या अंगातून पुन्हा एक लाट आली, अर्ध्यावरच विरली. मादीने तोंड किंचित उघडलं. आवाज नव्हता. ओरडली असती तर बरं, असं योगिनीला वाटलं.

तिने यलो पेजेस काढलं. पहिले दोन दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघत. तिसरीकडे बाईचा आवाज आला; योगिनीने कासव आहे असं सांगितलं. "कासव? अंडी अडलीत? उद्या सकाळी आण."

शनिवारी सकाळी तिने पेटीचं झाकण पूर्ण काढलं. आधी स्वयंपाकाचे जाड हातमोजे घातले, पण त्यांतून पकड येईना. मग ते काढून टाकले. डोळे मिटून दोन्ही हात मादीखाली घातले. अंग थंडगार, बुळबुळीत असेल असं तिला वाटलं होतं. ते कोरडं होतं आणि जड. आतली अंडी बोटांना कळत होती. मादीने डोकं वेटोळ्यात लपवलं. उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, अभ्रा खरेदीच्या पिशवीत ठेवून योगिनी निघाली. टॅक्सीवाले फार प्रश्न विचारत, म्हणून एमआरटीच्या लोकलने.

तीन स्टेशनं. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. केंबांगानला एक चिनी आजीबाई शेजारी येऊन बसली. युनोस जवळ आलं तेव्हा पिशवी हलली. आजीबाईने पाहिलं.

"अलाइव्ह आह?"

"फिश," योगिनी म्हणाली.

"वॉ, व्हेरी फ्रेश लाह," आजीबाई म्हणाली आणि पिशवीवर प्रेमाने थोपटायला हात पुढे केला. योगिनी ताडकन उठली आणि पाया लेबार येईपर्यंत दाराशी उभी राहिली. डब्यातला प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटत होतं.

डॉ. ओंग पन्नाशीच्या होत्या. चष्मा कपाळावर. त्यांनी अभ्र्याची गाठ सोडली, आत पाहिलं आणि गाठ पुन्हा बांधली.

"हे कासव नाही."

"नाही."

"कायदा माहीत आहे?"

"हो. तुम्ही फोन करणार?"

"करावाच लागेल. माझा परवाना जाईल नाहीतर." डॉक्टरांनी हात धुवायला घेतले. "पण आत्ता माझे हात मोकळे नाहीत. शेवटची कात कधी टाकली?"

"एक मार्च. त्याआधी नऊ फेब्रुवारीला फुगली होती. पहिली दोन अंडी बुधवारी."

डॉक्टरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "बरं. मग इकडे ये. मधोमध धर. घट्ट नको. सोडायचं मात्र नाही."

पाऊण तास योगिनीने तिला धरून ठेवलं. कोमट पाणी, तेल, बोटांचा दाब. अंडं जागचं हलेना. शेवटी डॉक्टरांनी लांब सुई आत घातली आणि पिवळा द्रव ओढून घेतला. फुगवटा बसला. थोड्या वेळाने पहिलं अंडं चुरगळलेल्या पिशवीसारखं बाहेर आलं. मादीने योगिनीच्या मनगटाभोवती शेपटी गुंडाळली होती आणि ती सोडवून घ्यावी, असं तिला सुचलंच नाही.

"बाकीची दोन सोमवारपर्यंत येतील. मादी तग धरेलसं वाटतंय," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी हात पुसले आणि फोन उचलला.

दुपारी सरकारी खात्याचे दोन अधिकारी तिला घेऊन बेडोकला आले. लिफ्टमध्ये शेजारची बाई होती. ती बघत राहिली. योगिनीने स्वतः कुलूप उघडलं. त्यांनी नराची पेटी उचलली, अंडी उचलली. "खूण वर ठेवा. उलटी करू नका," ती म्हणाली आणि आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं. वही स्वयंपाकघरात होती. कोणी मागितली नव्हती. शूट चार पावलांवर होती आणि वहीच्या पानापानावर परेशचं अक्षर होतं. तिने ती अधिकाऱ्याच्या हातात दिली. "डॉक्टरांना तारखा लागतील."

"प्राणी कोणाचे?" त्याने विचारलं.

"नवऱ्याचे. पण जानेवारीपासून मीच बघतेय."

सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. दोन्ही अंडी पडली, मादी जिवंत आहे. मेअखेरीस आणखी एक फोन आला: आधीच्या दोन अंड्यांपैकी एकातून पिल्लू निघालं, दुसरं वाळून गेलं.

परेश जूनमध्ये आला. योगिनीने प्रबोधमार्फत त्याला आधीच सगळं कळवलं होतं. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, दंड झाला, आणि पासची मुदत संपली तेव्हा ती वाढवून मिळाली नाही. पहिले चार दिवस तो योगिनीशी बोलला नाही. पाचव्या दिवशी जेवताना त्याने ताट सारलं.

"मी थांब म्हणालो होतो ना?"

"म्हणाला होतास."

"मग? तुला भीती नाही वाटली?"

"इतकी वाटली, की अजून बेल वाजली की हातातलं पडतं." तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "पण तू 'नाइलाज' लिहिलंस ना, ते वाचून ऐकवलं तेव्हा त्याहून जास्त भीती वाटली. उद्या मी अडले, तरी तू तिकडून तेच लिहिशील, असं वाटलं."

परेशने सारलेलं ताट परत पुढे ओढलं.

"मादी कुठे ठेवलीय?" त्याने विचारलं.

"सांगत नाहीत. बरी आहे म्हणतात."

ऑगस्टमध्ये दोघं पुण्याला, परेशच्या घरी, परतले. डिसेंबरात परेशला दुसऱ्या कंपनीचं जहाज मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी तो बॅग भरत होता, तेव्हा योगिनी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, की यापुढे तिच्यावर काही सोपवायचं असेल तर आधी तिला विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर ते नाहीच. परेशने शर्टाची घडी मोडली, पुन्हा घातली. मग हो म्हणाला.