सूचीत नसलेलं नाव

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. देवाच्या दयेने माझी शिवण अजून धरून आहे, तोवर एका माणसाची गोष्ट तुमच्या कानी घालतो.

मी एक जुनं पुस्तक आहे. आर्ची गिलरॉय नावाच्या फुटबॉलपटूचं आत्मचरित्र. हिरव्या कापडाची बांधणी, मधे आठ फोटो. छापखान्यातून निघालो तो थेट थॉर्नशॉच्या वाचनालयात आलो. थॉर्नशॉ म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेचं, सूतगिरण्यांचं गाव. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की सारं गाव मैदानावर, आणि सोमवारी निम्मं गाव आमच्या कपाटापुढे.

आमचं कपाट खेळाडूंच्या आत्मचरित्रांचं. ते एडिथ ऑर्मरॉड सांभाळायची. रविवारी ती चर्चमध्ये गायची आणि सोमवारी त्याच गोडीने पुस्तकं सुचवायची.

"हे नको नेऊस, स्टॅनली. यात नुसते चषक आहेत. हरलेल्या सामन्याला ज्याने जास्त पानं दिली, त्याचं ने. आणि आईने चिखलाचे कपडे धुतलेले ज्याला आठवतात, त्याचं तर डोळे मिटून ने."

"डोळे मिटले तर वाचू कसं?"

"तुझं वाचन मला माहीत आहे. तू फोटो बघतोस."

मला ती सगळ्यांच्या आधी काढून द्यायची. ते माझे सुखाचे दिवस. माझ्या पानांना गिरणीच्या तेलाचा न् चहाचा वास लागला. कोणी खूण म्हणून बसचं तिकीट ठेवायचं, कोणी पेन्सिलीने रेघ ओढायचं. रेघ मात्र एडिथला खपत नसे. दर शनिवारी सकाळी ती खोडरबर घेऊन बसायची आणि आम्हाला पान पान स्वच्छ करायची.

त्या गावाची एक खोड होती. पुस्तक हातात आलं की लोक आधी शेवटची पानं उघडत. तिथे नावांची सूची असते. तीत आपलं गाव, आपला संघ, आपला चुलता सापडला तर पुस्तक चांगलं.

विल्फ एंटविसलही तेच करायचा. तरुणपणी तो थॉर्नशॉच्या बचावफळीत खेळायचा. एका ओल्या दुपारी चेंडू काढून घेताना तो आर्चीच्या पायावर गेला. हाड मोडलं, आणि आर्चीचा खेळ तिथेच संपला. विल्फ मुद्दाम घुसला, असं गाव म्हणालं. त्यानंतर विल्फनेही खेळाचे बूट घातले नाहीत. तो यायचा, आसपास कोणी नाही असं बघून मला काढायचा आणि सूचीत आपल्या नावाच्या जागी बोट फिरवायचा. नाव नसायचं. मग मला जागेवर ठेवून निघून जायचा. अशी अकरा वर्षं गेली. मला वाचून बरेच जण वरमले होते, पण त्याच्यापुढे तो विषय काढायला कोणाला तोंड नव्हतं. एकशे बाराव्या पानावर काय आहे, ते मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण पुस्तकाला स्वतःला उघडता येत नाही.

एका सोमवारी एडिथने त्याला कपाटापाशी गाठलं.

"विल्फ, घरी ने की एकदा."

"कशाला? माझं नावसुद्धा घातलं नाही त्याने. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

"अरे, इतक्यांदा हातात घेतलंस, मला वाटलं पाठ झालं असेल. वाचलंस ना?"

"सूची वाचली."

"चर्चमध्येही तू शेवटच्या गाण्याला येतोस आणि प्रवचन कळलं नाही म्हणतोस."

विल्फ हसला नाही. खाली बघत म्हणाला, "एडिथ, मी घसरलो की घुसलो, हे आता माझं मलाच सांगता येत नाही. गावाने इतक्यांदा सांगितलंय."

एडिथने चष्मा लावला, एकशे बारावं पान काढलं आणि 'शांतता राखा'च्या पाटीखालीच मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता तिचा आवाज रविवारसारखा चढला. निम्मं बोलणं, निम्मं गाणं.

"'तो घसरला. मी त्याच्यासमोरच होतो, मला दिसलं. मी इस्पितळात असताना दर रविवारी एक माणूस दाराशी नासपतीची पिशवी ठेवून, आत न येता परत जायचा. खिडकीतून त्याची पाठ मी ओळखली. त्याचं नाव इथे घालत नाही. गाव लहान आहे, आणि त्याला रोज त्याच रस्त्याने जायचं असतं.'"

वर्तमानपत्र वाचणारे कागद न वाजवता बसून राहिले. विल्फने टोपी काढून हातात धरली. मग म्हणाला, "कडक होत्या त्या नासपती. मऊ मिळाल्याच नाहीत."

त्याने मला घरी नेलं. तीन आठवडे रोज, पहिल्या पानापासून वाचलं. परत आलो त्या शनिवारी एडिथ खोडरबर घेऊन बसली आणि पान पान करत सूचीपाशी पोचली. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं : एंटविसल, विल्फ – ११२. अक्षर त्याचंच. एडिथने खोडरबर उचललं, थोडा वेळ तसंच धरलं, मग खणात टाकलं. दौत पुढे ओढून तिने ती अक्षरं शाईने गिरवली.

आता गिरणी बंद आहे, मैदानावर घरं उभी राहिलीत. मी एका खोक्यात पडून असतो, पाठीचं कापड सुटत चाललंय. मित्रांनो, कधी मला बाहेर काढलंत तर पानं दुमडू नका आणि शेवटापासून सुरुवात करू नका. वाचत वाचत सूचीपर्यंत पोचलात, की छापलेल्या नावांत एकच हाताने लिहिलेलं दिसेल. तिथे घडीभर थांबा, आणि विल्फ एंटविसलची आठवण काढा.