पडजीभ उचलणारा आरसा

मित्रांनो, घशात डोकावणारा एक जुना आरसा आहे मी. पावलीएवढा गोल आणि लांब दांड्याचा. डॉक्टर टहिलराम यांनी मला कराचीच्या एका दुकानातून घेतले. फाळणीनंतर त्यांच्या बॅगेतून मी बोटीने मुंबईला आणि तिथून निर्वासितांच्या कल्याण कॅम्पात आलो. लष्कराच्या रिकाम्या बराकीत, एका पडद्याआड आमचा दवाखाना सुरू झाला. पुढे त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. माझे काम मात्र तेच राहिले.

काम कसले, शिक्षाच ती. श्वासाची वाफ धरू नये म्हणून मला स्पिरिटच्या दिव्यावर शेकायचे आणि परक्याच्या तोंडात ढकलायचे. विडीचा दर्प, किडक्या दाढा, मिसरीचा काळा थर, लोंबणारा चिकट बेडका. आठवले तरी मला शिसारी येते. पाठीने पडजीभ उचलून मी खाली बघू लागलो की निम्मे लोक माझ्यावरच ओकत.

पण दोन घसे मी कधी सारखे पाहिले नाहीत. कुणाची पडजीभ आखूड, कुणाची जिभेवर लोळणारी, एका हलवायाची तर टोकाला दुभंगलेली. श्वासनळीवरचे झाकण कुणाचे पसरट, कुणाचे पन्हळीसारखे वळलेले. त्याखाली आवाजाच्या दोन पट्ट्या, कुठे आखूड नि पातळ, कुठे लांब नि जाड. आणि माणसे सगळी ठणठणीत.

एकदा बेलवलीहून रखमाबाई आली. ती आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी धवलारीण. तिच्या गाण्यावाचून त्यांच्यात लग्न लागत नसे. वय झाले म्हणून तिने सगळे धवले आपल्या भाचीला, अंजनीला शिकवले होते. अंजनी शेजारीच तोंडाला पदर लावून बसली होती.

"पोरीचा आवाज बाप्यासारका हाय," रखमाबाई म्हणाली. "मांडवान बाया नाकं मुरडतान, तिला गाऊ देत नाय. पडजीब वाढलीय तिची. गावच्या पडजीब उचलनाऱ्यानं अंगठ्यानं दाबून बगली, आता बाजाराच्या दिशी कापनार हाय. त्यापरीस तूच काप डाक्टर, तुजी हत्यारं साफ."

मी आत गेलो. त्या उचलणाऱ्याने राख-मीठ लावून अंगठा घातला होता. पडजीभ सुजून लाल झाली होती, शेजारी नखाचे ओरखडे होते, त्यांत पू आणि राखेचे कण. बेडक्याची किळस मला होतीच, त्या दिवशी माणसाच्या हाताची आली. अंजनीच्या आवाजात खोट काहीच नव्हती. तिच्या पट्ट्या लांब नि जाड होत्या, तिची घडणच तशी होती.

"माई, पडजीभ वाढली नाही, सुजली आहे," डॉक्टर म्हणाले. "आवाज तिथून येतच नाही, खालून येतो."

रखमाबाईला पटेना. तेव्हा डॉक्टरांनी मला उकळून तिचीही पडजीभ पाहिली आणि भिंतीवरचा आरसा काढून तिच्या हातात दिला.

"आता तूच देख. तुझी पडजीभ भाचीच्या दुप्पट आहे, तरी आवाज बारीक. पहिले कुणाची कापू?"

रखमाबाई बराच वेळ स्वतःच्या तोंडात बघत राहिली. मग तिने अंजनीचा पदर बाजूला केला. "म्हन," म्हणाली. अंजनीने त्या दुखऱ्या घशाने धवल्याची एक ओळ म्हटली. कोण बाप्या गातोय म्हणून एक रोगी पडदा सारून डोकावला.

"भाची हाय माजी," रखमाबाई त्याला म्हणाली. "मांडवान माज्या बाजूला उभी रानार. जी नाक मुरडल तिला मी माजी पडजीब दाखवीन."

कापायची गोष्ट तिथेच संपली.

रोज उकळून माझा पारा उडाला, आता मी खणात पडून असतो. त्याचे मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, प्रत्येक तोंडाआधी मला उकळत. त्या उचलणाऱ्याच्या अंगठ्यावर मात्र कुणी तांब्याभर पाणीही ओतले नव्हते. म्हणून एवढेच सांगतो, कुणाचा आवाज तुम्हाला निराळा वाटला, तर आपली बोटे आपल्या खिशात ठेवा.