एका रात्रीची राखण

मी एक जुनी घोंगडी आहे, आणि मी टोचते. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून तक्रार नको. तुमच्या मऊ चादरींसारखं गोड बोलणं मला जमत नाही. त्यातून आज मला राग आलेला आहे, आणि तो ज्याच्यावर आहे त्याला मी त्याच्या लहानपणी पोटाशी धरून झोपवलं आहे.

माझा जन्म वैजापूरच्या बाजूचा. भिकन धनगराच्या काळ्या मेंढ्यांची लोकर, त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, कातलेलं सूत आणि एका सनगराच्या मागावरचं विणकाम. चिंचोक्याची खळ लावून त्यानं मला इतकं कडक केलं की उभं केलं तरी मी वाकत नव्हते. भिकननं मला पहिल्यांदा खांद्यावर टाकलं तेव्हा बाजारातली माणसं हात लावून बघत होती. मला त्याचा फार तोरा होता, खोटं कशाला बोलू?

पुढची कित्येक वर्षं मी मेंढरांमागं हिंडले. पावसात भिकनच्या डोक्यावर माझी खोळ असायची, थंडीत अख्खं कुटुंब माझ्याखाली. दिवस मावळायच्या आधी भिकन मुक्कामाची जागा शोधायचा. आधी पाणी बघायचा, मग आडोसा, मग कळपातली गाभण आणि लंगडी मेंढरं तिथवर चालतील का ते. चालणार नसली तर अलीकडंच थांबायचा. देवगाव रंगारीकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत आणि त्याबद्दल धान्य देत. एखाद्या रात्री कळप दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडावा लागला, तर सकाळी मेंढरं मोजून घ्यायची आणि राखणाऱ्याला मजुरी जागच्या जागी द्यायची, असा त्यांच्यात रिवाज होता. भिकन त्यात कधी चुकला नाही.

मग भिकन गेला. मेंढरं विकून सुगंधाबाईनं मुलाला, मुंजाबाला, शहरात ठेवून इंजिनियर केलं. मुंजाबा कॅनडाला गेला, करमाडला रस्त्यालगत पक्कं घर झालं, आणि मी पलंगाखाली गेले. तिथं मला कुणी विचारलं नाही. उंदरांनी एक कोपरा खाल्ला, तेवढीच काय ती चौकशी.

मागच्या दिवाळीनंतर मुंजाबा बायको आणि मुलीला घेऊन आला. आईला कॅनडाला न्यायचं ठरलं. सुगंधाबाई हरखून गेली. साऱ्या गल्लीत सांगत सुटली, "लेक मला इमानानं न्यायला आलाय." सुनेची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती आणि तिकडं मूल सांभाळायला बाई ठेवणं परवडत नव्हतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. मी पलंगाखाली होते. मला सगळं ऐकू येत होतं.

तिकिटांचा हिशेबही मी तिथूनच ऐकला. सरळ जाणारं विमान महाग. वाळवंटातल्या एका मोठ्या शहरात रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी पुढचं विमान धरलं, तर चौघांचं मिळून बरंच स्वस्त.

"वरून एक शहर बघून होईल," मुंजाबा म्हणाला.

"आणि आई?" सुनेनं विचारलं.

त्यावर तो हळू आवाजात काहीतरी बोलला आणि तिकिटं निघाली.

निघताना सुगंधाबाईनं मला बाहेर ओढलं, उन्हात झटकलं आणि खांद्यावर टाकलं. मुंजाबानं नाक मुरडलं. "वास येतो तिला. लोक काय म्हणतील?"

"तुझ्या बापाचा वास हाय त्यो," ती म्हणाली.

वाळवंटातल्या त्या विमानतळावर आम्ही उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मुंजाबाचा, सुनेचा आणि नातीचा पासपोर्ट कॅनडाचा. तो दाखवला की शहरात जाता येत होतं. सुगंधाबाईचा आपल्याकडचा. तिला वेगळी परवानगी काढावी लागत होती. त्या परवानगीचे पैसे पडत होते, आणि ते मुंजाबानं वाचवले होते. त्यानं आईला एका खांबाशी बसवलं आणि हातातल्या सगळ्या बॅगा तिच्याभोवती रचल्या.

"आम्ही सकाळी येतो. सामानावर नजर ठेव."

"अन् मी?"

"एका रात्रीचा तर प्रश्न आहे, आई. तू तर जन्मभर रानात झोपलीस."

रानात! मित्रांनो, रानात ती एकटी झोपली नव्हती. रानात नवरा होता, कुत्री होती, चूल होती, बाजूला दुसरी बिऱ्हाडं होती, आणि अंधारात कुणी आलं तर कोण म्हणून विचारायला तिची भाषा होती. इथं छतातून गार वारा येत होता आणि तिला कळेल असं कुणी बोलत नव्हतं. मी तिला गुंडाळून घेतलं. रात्रभर ती जागची हलली नाही, कारण बॅगा सोडून बाथरूमला जाता येईना. आणि जावं लागू नये म्हणून तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही. भाकरी फडक्यात तशीच वाळली. मला तोंड असतं तर त्या रात्री मी नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

सकाळी तिघं आली. अंघोळी झालेल्या, पोटं भरलेली. नातीच्या हातात खेळण्यातला उंट होता.

"चल आई, विमानाची वेळ झाली."

सुगंधाबाई उठली नाही. "आधी सामान मोजून घे."

"असू दे गं."

"मोज म्हणते ना!"

त्यानं हसत हसत मोजलं. सगळं जागेवर होतं.

"आता राखणीची मजुरी दे."

"बरं, काय पाहिजे सांग." तो अजून हसतच होता.

"माघारी जायाचं तिकीट."

मुंजाबाचं हसू उतरलं. "येडी झालीस का? जेवढे वाचवले त्याच्या दुप्पट जातील!"

"आई म्हणून आणली असतीस, तर संगं नेली असतीस. नाय तर माझ्यापाशी बसला असतास. तू मला राखणीला बसवलीस. राखणाऱ्याला मजुरी असती. तुझ्या बापानं कुणाची बुडवली नाय."

"आई, असं काय करता?" सून कळवळून म्हणाली. "मला कामावर जायचंय. पोरीला कोण बघणार?"

सुगंधाबाई तिच्याकडं वळली. "व्हय का? म्हंजी तिकडं बी राखणच व्हती."

मुंजाबा ओरडला, मग त्यानं विनवण्या केल्या, मग पुन्हा ओरडला. सुगंधाबाईनं मला जमिनीवर नीट पसरलं आणि माझ्यावर मांडी घालून बसली. मी फरशीला घट्ट धरून ठेवलं. विमानाचा पुकारा झाला, दुसऱ्यांदा झाला. शेवटी तो खिडकीशी गेला आणि मुंबईचं तिकीट घेऊन आला. मुंबईत उतरवून घ्यायला तिच्या भाच्याला, फकिराला, फोन केला. तिची मोठी बॅग आधीच कॅनडाच्या वाटेला लागली होती. तिच्यातल्या शेवया आणि कुरडया नातीसाठीच होत्या, म्हणून तिनं ती मागितली नाही.

तिनं नातीवरून बोटं मोडली, तिचा मुका घेतला. पोर रडायला लागली. मुंजाबा पाया पडायला वाकला, तेव्हा सुगंधाबाईनं पाय मागं घेतले.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आमची निगा राखा म्हणून विनवायची पद्धत आहे. मी विनवणार नाही. मला वर्षातून एकदा ऊन दाखवलं तरी मी अजून पुष्कळ टिकेन. माणसं तेवढी टिकत नाहीत. प्रवासात पैसे जरूर वाचवा, रात्रीचे मुक्काम करा, स्वस्त विमानं शोधा. पण आईला बरोबर नेणार असाल तर बरोबर न्या. सामानापाशीच कुणी बसवायचं असेल, तर एखादं माणूस मजुरीनं लावा आणि त्याची मजुरी चुकती करा.