भरल्या नाकाचा निकाल

हिंगाच्या कारखान्यात त्याला सगळे नाकोबा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याला राग येत नसे. उलट हाक ऐकली की तो नाक आणखी थोडं वर करायचा. अडतीस वर्षं त्या नाकावर घर चाललं होतं, मग वर करायला काय हरकत होती? वाळवंटातल्या एका झुडपाचं मूळ चिरलं की दुधासारखा चीक पाझरतो, तो वाळून घट्ट झाला की हिंग, एवढं कुणीही सांगेल. पण समोरच्या पेटीतला चीक यंदाचा की मागच्या वर्षीचा, त्यात माती किती, डिंक किती घुसडलाय, हे सांगायला नाकोबाच लागायचा. तो खडा फोडायचा, ताज्या कापाजवळ नाक न्यायचा, डोळे मिटायचा आणि एकच शब्द बोलायचा. 'घ्या', नाहीतर 'परत'. त्या एका शब्दावर मालकांनी भरलेल्या गाड्या आल्या पावली माघारी धाडल्या होत्या.

त्याचा कामाचा नियमही एकच होता, आणि हाताखालच्या प्रत्येकाकडून त्याने तो घोकून घेतला होता. निकाल द्यायचा तो सकाळी, चहाच्याही आधी, कोऱ्या नाकाने. चार पेट्या हुंगल्या की नाक भरतं. भरलेल्या नाकाला सगळंच हिंग वाटतं. "भरल्या नाकाने निकाल देणारा," तो म्हणायचा, "दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यापेक्षा वाईट. त्याला निदान आपण प्यायलोय हे माहीत असतं."

आणि याच शहाण्याने संध्याकाळी साडेसात वाजता, दिवसभर हिंगात बुडून घरी आल्यावर, बायकोला निकाल दिला. दोन दिवसांत बायको गेली.

तिला तो वास कधीच आवडला नव्हता. लग्नानंतर महिनाभरात तिने कायदा केला. कामावरून आलं की मागच्या दाराने यायचं, कपडे झाकणाच्या बादलीत टाकायचे, आंघोळ झाल्याशिवाय पाणीसुद्धा मागायचं नाही. तरी घराच्या भिंतींत, गादीत, लेकीच्या वह्यापुस्तकांत तो मुरलाच. "बाकीच्यांना नवरा मिळाला," ती आल्यागेल्याला सांगायची, "मला फोडणी मिळाली." वर नाक मुरडून पुढे म्हणायची, "आणि हिंगवाल्याची बायको असून या घरात मला कुणी हिंग लावून विचारत नाही." ऐकणारे हसायचे. तोही हसायचा. लेक लहान असताना तिचं पोट दुखलं की हीच बाई कोमट पाण्यात हिंग कालवून तिच्या बेंबीभोवती लावायची, आणि तेवढ्यापुरतं त्या वासाबद्दल चकार शब्द काढायची नाही.

तो सोमवार होता. तो आंघोळ करून स्वयंपाकघरात आला, तर ती शेगडीपाशी वाकून उभी.

"अहो, गॅसचा वास येतोय का हो?"

त्याने हुंगलं. वास होता. उग्र, कुजक्या लसणासारखा. पण तो तर त्याला बारा महिने यायचा.

"गॅस कसला? हिंग आहे. आज नव्या पेट्या फोडल्यात. माझ्या कपड्यांना असेल."

"मला जरा वेगळा वाटतोय."

"वेगळा?" त्याला हसू फुटलं. "अडतीस वर्षं मी नाकाचं खातोय, आणि वेगळा तुला वाटतोय?"

झोपताना तिने नेहमीप्रमाणे सिलिंडर बंद केला. ते ती एक दिवसही चुकत नसे. चष्मा डोक्यावर चढवून घरभर चष्मा शोधायची, किराणा आणायला जाऊन पिशवी दुकानातच ठेवून यायची, पण सिलिंडर कधी विसरली नाही.

मंगळवारी संध्याकाळी तिने पुन्हा विषय काढला. दिवसभर त्याचे कपडे धुतले होते, बादली घासली होती, तरी स्वयंपाक करताना वास येतोच म्हणाली. नळी जुनी झाली असेल, माणूस बोलावून दाखवू का, असं तिने विचारलं.

"बोलाव की," तो म्हणाला. "आणि त्याला सांग, नाकोबाच्या घरात वास ओळखता येत नाही. शहरभर नाक काप माझं."

"बरं, नाही बोलावत. पण तुम्ही सकाळी एकदा बघाल? जायच्या आधी? तुम्हीच म्हणता ना, सकाळचं नाक खरं."

"बघतो," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी सहालाच मालकांचा फोन आला. दोन गाड्या दारात उभ्या, लवकर या. तो घाईघाईने निघाला. तिने रात्रभर स्वयंपाकघराच्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या आणि ती त्याची वाट बघत आतच उभी होती. "अहो, ते तेवढं..." ती म्हणाली. पायात बूट होते. काढायचे, आत जायचं, परत घालायचे, म्हणजे दोन मिनिटं. "संध्याकाळी," तो म्हणाला आणि गेला.

दुपारी तीनला स्फोट झाला. शेजारणीचा फोन आला तेव्हा तो वाळवणाच्या खोलीत, जाळ्यांवर पसरलेल्या मालाची पाहणी करत होता. तो पोहोचेपर्यंत बायकोला दवाखान्यात नेलं होतं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती राहिली नव्हती.

तीन दिवसांनी गॅसवाल्यांचा तपासनीस आला. स्वयंपाकघराची एक भिंत पडली होती, आतल्या खोलीतलं कपाट जळून कोळसा झालं होतं. नळीचा तर मागमूस नव्हता. शेगडीजवळ एक मोठं पातेलं पालथं पडलं होतं, पंचवीस माणसांचा चहा होईल एवढं.

"दुपारी तीनला एवढं पातेलं कशाला?" तपासनीसाने विचारलं. कुणालाच सांगता येईना. त्याने पातेल्याचा नाद सोडला. "जेवणानंतर बटण उघडं राहिलं असेल. गॅस साठला, काडी ओढली, झालं. बाईंना विसरायची सवय होती का?"

"हो," लेक पटकन म्हणाली. "आई फार विसराळू होती."

"आधी कधी वास वगैरे आला होता?"

लेकीने बापाकडे बघितलं.

"आमच्याकडे हिंगाचा वास असतोच," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त वाईट होतं. तपासनीसाने कागदावर लिहिलं, 'गृहिणीच्या निष्काळजीपणामुळे'. खाली नाकोबाने सही केली. हात कापला नाही, याचीच त्याला पुढे लाज वाटत राहिली.

घर राहण्यासारखं उरलं नव्हतं. लेक त्याला आपल्याकडे घेऊन गेली. तिच्या बैठकीत रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं आणि ती प्रत्येकाला तेच सांगायची. आईचा विसराळूपणा. आईला कितीदा सांगितलं होतं. आईचं लक्षच नसायचं. लोक मान हलवायचे, चुकचुकायचे. कोपऱ्यातल्या खुर्चीत तो बसलेला असायचा. मेलेल्या बाईला तिच्याच मरणाबद्दल बोल लागत होता, आणि ज्याला खरं ठाऊक होतं तो मूग गिळून चहा पीत होता. आज सांगू, असं तो रोज सकाळी ठरवायचा. पण त्याला आता लेकीशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिने तोंड फिरवलं तर जायचं कुठे? तो भित्रा होता. अडतीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण हिंगाच्या पेटीला कुणी भीत नाही.

तीन आठवड्यांनी मालकांचा निरोप आला. माल अडून पडलाय, सावकाश का होईना पण या. इतके दिवस तो जावयाचे ढगळ कपडे घालून वावरत होता. कामावर तसं कसं जाणार? पलंगाखाली शेजारणीने दिलेली एक पिशवी होती. त्या दिवशी मागच्या अंगणात दोरीवर वाळत असलेले त्याचे कपडे आगीतून वाचले होते. तिने ते गोळा करून, घड्या घालून आणून दिले होते. त्याने पिशवीला हात लावला नव्हता. आज उघडली.

शर्ट हातात घेतला आणि सवयीने नाकाशी नेला. सकाळ होती, चहा व्हायचा होता.

शर्टाला हिंगाचा वास नव्हता. त्याने कॉलर हुंगली, काख हुंगली, बाह्या उलट्या करून हुंगल्या. साबण, उन्हात वाळलेलं कापड, बस. दुसरा शर्ट घेतला, तिसरा घेतला. जो वास अडतीस वर्षांत निघाला नव्हता, तो तिने चोळून चोळून काढला होता. वास आपल्या कपड्यांचा आहे असं नवऱ्यानेच सांगितल्यावर बिचारी दुसरं काय करणार? तो खाली फरशीवर बसला आणि शर्टात तोंड खुपसून रडला. मग तोच शर्ट अंगात घालून स्वयंपाकघरात गेला.

लेक चहा करत होती.

"बटण उघडं नव्हतं राहिलं," तो म्हणाला.

"बाबा, नको आता सकाळी सकाळी."

"ऐक. तिला दोन दिवस वास येत होता. नळी गळत होती. ती मला म्हणाली, आणि मी म्हटलं, हिंग आहे. माणूस बोलावू का म्हणाली, तर मी टोमणा मारला. सकाळी बघा म्हणाली, तर मी बघितलं नाही. बूट काढायचा कंटाळा केला. ती विसरली नव्हती. तिचं काही चुकलं नव्हतं. जे काही आहे ते माझं आहे."

एका दमात सांगून झालं. ती आता किंचाळेल, घराबाहेर काढेल, याची तो वाट बघत राहिला. निघून जायची त्याने तयारीही केली होती. लेकीने ओरडाआरडा केला नाही. ती पाठमोरीच उभी होती.

"तुम्ही हे का सांगितलंत?" तिने विचारलं.

"तिच्या नावाला बोल लागतोय. तू रोज सगळ्यांना..."

"मला माहीत आहे मी काय सांगते ते." ती वळली. चेहरा पांढराफटक पडला होता. "आईने मला फोन केला होता. बुधवारी. अडीच वाजता."

स्फोटाच्या अर्धा तास आधी, त्याने मनात हिशोब केला.

"म्हणाली, तुझ्या बाबांचे सगळे कपडे काल धुतले, आज परत धुतले, तरी घरात वास आहेच. मी कामात होते. साहेब समोर उभे होते. मी म्हटलं, बाबा हिंग म्हणतात ना, मग हिंगच. त्यांच्या नाकापुढे तू कशाला जातेस? पडदे, चादरी राहिल्या असतील. गरम पाण्यात सोडा टाक आणि भिजव." तिने ओठ आवळले. "ते पातेलं त्यासाठी होतं, बाबा. मी सांगितलं म्हणून तिने पाणी ठेवलं."

चहा उतू गेला. तिने बटण बंद केलं. मग पुन्हा हात लावून बघितलं, आणि तिसऱ्यांदा बघितलं.

"आई विसरली असेल, असं मी दिवसातून शंभरदा म्हणत होते," ती म्हणाली. "म्हणजे मग नळी नाही, वास नाही, माझा फोन नाही. नुसतं बटण. आणि तुम्ही समोर बसून गप्प असायचात. मला वाटायचं, बाबा काही बोलत नाहीत, म्हणजे खरंच बटण असेल."

"तुझी चूक नाही, बाळा."

"मग कुणाची?"

"माझी."

"तुमची आहेच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "पण पाणी ठेव असं तुम्ही नव्हतं सांगितलं."

पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण धीर झाला नाही. आपण बायकोचं नाव धुवून काढायला आलो होतो. आणि पोरगी ज्या एका खोट्याच्या आधाराने उभी होती, तेच आपण काढून घेतलं. जिथे बोलायचं तिथे गप्प बसलो, आणि आता बोललो. तोंड परत मिटून घेता आलं असतं तर त्याने घेतलं असतं.

लेकीची नजर त्याच्या अंगावर गेली. तिने तो शर्ट ओळखला.

"हा दोरीवरचा ना?"

त्याने मान हलवली.

"काढा तो," ती म्हणाली. "मला बघवत नाही. दुसरा घाला."

त्याने वरची दोन बटणं काढली आणि थांबला. कपाट जळलं होतं. पिशवीत आणखी चार शर्ट होते.

"सगळे तेच आहेत," तो म्हणाला.